रक्तशर्करान्यूनता, मधुमेहातील

रक्तशर्करान्यूनता, मधुमेहातील : इन्शुलीन अथवा अग्निपिंडातील इन्शुलिनाचा स्राव वाढविणारी औषधे घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या खाली उतरले म्हणजे जी अवस्था उत्पन्न होते, तिला रक्तशर्करान्यूनता किंवा हायपोग्लायसीमिया म्हणतात. रुग्णांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या बोलण्यात ‘शुगर कमी होणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. १०० मिलि. रक्तात ७० मिग्रॅ. पेक्षा कमी ग्लुकोज ही सावधगिरीची आणि ५४ मिग्रॅ. पेक्षा कमी ही गंभीर पातळी समजली जाते. भूक, कंप, घाम, छातीत धडधड, चिडचिड ही आरंभीची लक्षणे होत. उपचार न झाल्यास बुद्धिभ्रम, असंबद्ध बोलणे, आचके व बेशुद्धी ही लक्षणे दिसतात आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. साखर देणे हा यावरील उपचार इन्शुलिनाइतकाच जुना आहे. परंतु ती किती द्यावी व दिल्यानंतर किती वेळ थांबावे, याचे निश्चित उत्तर मिळण्यास सु. सात दशके लागली. तोवर रुग्ण भुकेच्या आज्ञेने खात राहिला आणि न्यूनतेतून सुटताना बहुधा शर्करेच्या अतिरेकात जाऊन पडला.

पूर्वपीठिका : इन्शुलिनाचा शोध लागण्यापूर्वी मधुमेह्याला या अवस्थेची भीती जवळजवळ नव्हती. त्याचा शत्रू अन्न हा होता. अमेरिकन वैद्य फ्रेडरिक ॲलन (१८७९–१९६४) व इलियट जॉस्लिन (१८६९–१९६२) यांनी १९१० नंतरच्या दशकात रूढ केलेल्या उपासाच्या उपचारात रुग्णाला मूत्रातील साखर नाहीशी होईपर्यंत उपाशी ठेवीत आणि पुढे मोजूनमापून अत्यल्प आहार देत. त्यामुळे काही रुग्णांचे आयुष्य महिन्यांनी, क्वचित वर्षांनी वाढले. पण ते अस्थिपंजर होऊन जगत. चोरून खाल्लेला घासही मूत्रपरीक्षेत उघड होई आणि तो अपराध समजला जाई. अशा शिस्तीत वाढलेल्या रुग्णांच्या हाती १९२२ मध्ये इन्शुलीन आले आणि त्याबरोबरच, विशिष्ट प्रसंगी ताबडतोब गोड खाल्लेच पाहिजे, ही अगदी उलट आज्ञाही आली. या दोन आज्ञांमधील विरोध मधुमेह्याच्या मनात पुढेही दीर्घकाळ राहिला. न्यूनतेच्या वेळी घाईने अधिक खाणे आणि नंतर त्याबद्दल अपराधी वाटणे, या दोहोंचे मूळ अंशतः या इतिहासात आहे.

टोराँटो येथील निरीक्षणे : कॅनडातील टोराँटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग (१८९१–१९४१) व चार्ल्स बेस्ट (१८९९–१९७८) यांनी जे. जे. आर. मॅक्लाउड (१८७६–१९३५) यांच्या प्रयोगशाळेत १९२१ मध्ये अग्निपिंडाचा क्रियाशील अर्क मिळविला. त्याच्या शुद्धीकरणासाठी जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप (१८९२–१९६५) त्यांना येऊन मिळाले. अर्काची शक्ती अजमावण्यासाठी कॉलिप यांनी निरोगी सशांचा उपयोग केला. अर्काची मात्रा अधिक झालेले ससे प्रथम भुकेले व अस्वस्थ होत, नंतर त्यांना आचके येत आणि ते निश्चेष्ट पडत. त्यांच्या रक्तातील शर्करा अतिशय घटलेली आढळे. ग्लुकोजाचे अंतःक्षेपण केले की मरणोन्मुख ससा थोड्याच वेळात उठून बसे. म्हणजे रक्तशर्करान्यूनता आणि तिचा उतारा ही दोन्ही, इन्शुलीन रुग्णाला यशस्वीपणे टोचले जाण्याच्या सुमारासच ज्ञात झालेली होती.

या निरीक्षणातूनच औषधाचे मापही निघाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. उपाशी ठेवलेल्या २ किग्रॅ. वजनाच्या सशाची रक्तशर्करा ४५ मिग्रॅ. पर्यंत उतरविणारी मात्रा ही इन्शुलिनाची मूळ एकक-मात्रा ठरविण्यात आली होती. रुग्णांसाठी ती फार मोठी ठरल्याने पुढे तिचा एक-तृतीयांश भाग एकक म्हणून स्वीकारण्यात आला. आज सिरिंजवर दिसणारे ‘युनिट’ याच मापाच्या वंशातील आहे. उपायाचे प्रमाण अशा रीतीने अपायावरून ठरले.

मानवी रुग्णांतील लक्षणांचे पहिले पद्धतशीर वर्णन टोराँटो जनरल हॉस्पिटलमधील वॉल्टर कॅम्बेल व अँड्र्यू फ्लेचर यांनी १९२२ मध्येच केले. भूक, अशक्तपणा, अस्वस्थता, कंप व घाम यांपासून बुद्धिभ्रम व बेशुद्धी यांपर्यंतचा क्रम त्यांनी रक्तशर्करेच्या पातळ्यांशी जोडून दाखविला आणि संत्र्याचा रस अथवा ग्लुकोज दिल्याने तो मागे फिरतो, हेही नोंदविले. संत्र्याच्या रसाचा पेला त्यानंतर पाश्चात्त्य देशांतील मधुमेह्याच्या उशाशी कायमचा आला. इन्शुलिनाच्या शोधासाठी बँटिंग व मॅक्लाउड यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत या औषधाच्या दुधारीपणाची जाणीव वैद्यकात सर्वत्र झालेली होती.

भुकेचे स्वरूप : न्यूनतेतील भूक ही जेवणाची वेळ टळल्याने लागणाऱ्या भुकेसारखी नसते. मेंदूला लागणारे इंधन बहुतांशी ग्लुकोज हेच असते आणि त्याचा साठा मेंदूजवळ जवळजवळ नसतो. त्यामुळे पुरवठा घटू लागताच शरीर संकटाची सूचना देते. अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक वॉल्टर कॅनन (१८७१–१९४५) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२४ मध्ये असे दाखविले की, इन्शुलिनाने रक्तशर्करा घटली म्हणजे अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन स्रवते. धडधड, कंप व भीती ही या स्रावाची लक्षणे होत. समोर वाघ दिसल्यावर जे घडते तेच येथे घडते, फक्त वाघ दिसत नाही. घाम व भूक यांमागे स्वायत्त तंत्रिका तंत्राच्या दुसऱ्या तंतूंचे कार्य असते. भय व भूक एकाच क्षणी जागी होत असल्याने रुग्णाला संयम राखणे कठीण जाते, हे स्वाभाविकच आहे. विवेक ज्या इंद्रियाने राखावयाचा तेच या वेळी उपाशी असते.

इन्शुलिनाच्या या भूक लावण्याच्या गुणाचा काही काळ मुद्दाम उपयोगही करण्यात आला. १९२० नंतरच्या दशकात कृश रुग्णांचे वजन वाढविण्यासाठी जेवणापूर्वी अल्प मात्रेत इन्शुलीन देत असत. व्हिएन्ना येथील मानसोपचारज्ञ मान्फ्रेट झाकेल (१९००–५७) यांनी तर १९३३ मध्ये मनोविदलतेच्या रुग्णांना हेतुपुरस्सर न्यूनतेच्या बेशुद्धीत नेण्याची पद्धत प्रचारात आणली. ती सु. दोन दशके चालली. परिणामकारकता सिद्ध न झाल्याने आणि धोका मोठा असल्याने ती पुढे त्याज्य ठरली.

न्यूनतेचे निदान केवळ लक्षणांवरून करू नये, हा विचारही याच काळातला आहे. अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद ॲलन व्हिपल (१८८१–१९६३) यांनी अग्निपिंडाच्या अर्बुदांच्या संदर्भात तीन कसोट्या मांडल्या : लक्षणे असणे, त्याच वेळी रक्तशर्करा कमी आढळणे आणि शर्करा दिल्यावर लक्षणे जाणे. रुग्णालयात या तीनही कसोट्या लावता येत. घरी असलेल्या मधुमेह्याला मात्र मधली कसोटी अनेक दशके उपलब्धच नव्हती.

मूत्रपरीक्षेचा काळ : १९२२ पासून सु. १९७८ पर्यंत बहुतेक मधुमेह्यांना आपल्या शर्करेची माहिती मूत्रावरूनच मिळे. बेनेडिक्टच्या निळ्या विद्रावात मूत्राचे काही थेंब टाकून परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवीत. रंग निळा राहिल्यास साखर नाही आणि हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा विटकरी झाल्यास उत्तरोत्तर अधिक, असे समजत. महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांतही हा दिवा व ही नळी होती. परंतु सामान्यतः रक्तशर्करा सु. १८० मिग्रॅ. च्या वर गेल्याशिवाय साखर मूत्रात उतरत नाही. त्यामुळे नळीतील निळा रंग १५० मिग्रॅ. व ४० मिग्रॅ. या दोन पातळ्यांत कोणताही भेद करू शकत नसे. त्यातही मूत्र हे मागील काही तासांचे असल्याने, आता न्यूनतेत असलेल्या रुग्णाचे मूत्र विटकरी रंग देण्याचाही संभव असे.

या परिस्थितीत अंगाला घाम सुटलेल्या रुग्णाजवळ स्वतःच्या जाणिवेखेरीज दुसरे प्रमाण नव्हते. जाणीव नाहीशी होईपर्यंत खाणे हाच त्याला उपलब्ध असलेला तर्कशुद्ध मार्ग होता. मात्र त्या मार्गात एक फसगत होती. तोंडावाटे घेतलेली साखर जठरातून लघ्वांत्रात जाऊन रक्तात उतरण्यास व लक्षणे शमण्यास साधारणपणे १० ते १५ मिनिटे लागतात. ॲड्रेनॅलिनाने सुरू झालेली धडधड व कंप तर शर्करा पूर्ववत झाल्यानंतरही काही काळ टिकतात. त्या अवधीत भुकेला रुग्ण थांबत नाही. दोन चमचे साखर, मग एक केळे, मग बिस्किटे, मग पोळी असे चालू राहते. लक्षणे शमतात तेव्हा आवश्यकतेच्या कित्येक पटींनी कार्बोहायड्रेट पोटात गेलेले असते आणि दोन-तीन तासांनी रक्तशर्करा ३०० मिग्रॅ. च्या पुढे गेलेली आढळते. रात्री झोपेतून दचकून उठलेल्यांच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडते. पुढची चूक म्हणजे त्या वाढलेल्या शर्करेवर इन्शुलिनाची जादा मात्रा घेणे. तीमुळे पुन्हा न्यूनता येऊन हे चक्र सुरू राहते.

सेंट लुइस येथील जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल सोमोजी (१८८३–१९७१) यांनी या चक्राकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. रात्री इन्शुलीन जास्त झाल्यास शरीर प्रतिकारक हॉर्मोने स्रवते व त्यामुळे सकाळची शर्करा वाढलेली दिसते. अशा वेळी इन्शुलीन वाढविण्याऐवजी कमी करावे, असे त्यांनी प्रतिपादिले. वैद्यांच्या कित्येक पिढ्यांनी हे तत्त्व पाठ केले. रात्रभर रक्ताची तपासणी करणे शक्य झाल्यावर मात्र सकाळच्या वाढलेल्या शर्करेचे हे स्पष्टीकरण क्वचितच लागू पडते, असे आढळून आले. बहुतेक प्रसंगी रात्रीचे इन्शुलीन पहाटे अपुरे पडलेले असते किंवा न्यूनतेवर उपचार म्हणून फार खाल्लेले असते. सोमोजी यांचा व्यावहारिक इशारा, म्हणजे वाढलेली शर्करा पाहून आंधळेपणाने इन्शुलीन वाढवू नये हा, तरीही निरर्थक ठरत नाही.

आहार मोजण्याची परंपरा मात्र याच काळात घडली. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील वैद्य आर. डी. लॉरेन्स (१८९२–१९६८) हे स्वतः मधुमेही होते. इटलीत फ्लॉरेन्स येथे मृत्यूची वाट पाहत असता इन्शुलीन उपलब्ध झाल्याचे समजून ते १९२३ मध्ये परतले आणि वाचले. त्यांनी १० ग्रॅ. कार्बोहायड्रेट देणाऱ्या अन्नभागाला ‘काळा भाग’ आणि प्रथिन व वसा देणाऱ्या भागाला ‘लाल भाग’ अशी नावे देऊन रुग्णांसाठी सोपी कोष्टके केली. रुग्णाने स्वतःचा आहार स्वतः मोजावा, ही सवय त्यांनी लावली. न्यूनतेवरील साखर हीही एक मोजण्याची गोष्ट आहे, हा पुढचा विचार त्या सवयीतून सहज निघण्यासारखा होता. पण परिणाम मोजण्याचे साधन हाती नसल्याने तो तेथेच थांबला.

रक्तपरीक्षा घरी आल्यानंतर : १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील एम्स कंपनीने ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ ही कागदी पट्टी प्रचारात आणली. पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून एक मिनिटाने तो पाण्याने धुऊन रंग पाहावयाचा असे. हा रंग मोजणारे यंत्र त्याच कंपनीने सु. १९७० मध्ये काढले. ते एक किलोग्रॅमहून जड व महाग होते आणि वैद्यांनाच विकले जाई. न्यूयॉर्कमधील अभियंता रिचर्ड बर्नस्टाइन (१९३४–२०२५) यांना बाराव्या वर्षापासून मधुमेह होता. पत्नी वैद्य असल्याने तिच्या नावावर त्यांनी हे यंत्र मिळविले आणि दिवसातून अनेक वेळा स्वतःचे रक्त तपासण्यास आरंभ केला. इन्शुलिनाच्या एका एककाने आपली शर्करा किती उतरते व एक ग्रॅम ग्लुकोजाने किती चढते, हे त्यांनी अभियंत्याच्या पद्धतीने मोजून काढले. सु. ६४ किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीत १ ग्रॅ. ग्लुकोज रक्तशर्करा साधारणतः ५ मिग्रॅ. ने वाढविते, हे त्यांचे गणित पुढे पुष्कळ रुग्णांनी वापरले. वैद्यकीय नियतकालिकांनी आपले म्हणणे स्वीकारावे म्हणून उतारवयाकडे झुकल्यावर ते स्वतःच वैद्यकाचे शिक्षण घेऊन वैद्य झाले. त्यांनी सुचविलेला अत्यल्प कार्बोहायड्रेटांचा आहार वादग्रस्त राहिला. परंतु न्यूनतेवर अन्न न घेता मोजलेले ग्लुकोज औषधासारखे घ्यावे, हा त्यांचा आग्रह रास्त होता, असेच म्हटले पाहिजे. १९७८ मध्ये इंग्लंडमधील वैद्यांनीही रुग्णांनी घरी रक्ततपासणी केल्याचे यशस्वी अनुभव प्रसिद्ध केले आणि ही पद्धत झपाट्याने पसरली.

आता प्रयोगांना आधार मिळाला. १९७८ मध्ये असे सिद्ध करण्यात आले की, गालाच्या आतील बाजूस चोळलेले ग्लुकोज तेथून रक्तात शोषले जात नाही. ते गिळावेच लागते. १९८४ च्या एका अमेरिकन अभ्यासात २० ग्रॅ. ग्लुकोजाच्या तुलनेने दूध व संत्र्याचा रस हे प्रचलित उपाय मंद ठरले. सर्वांत उपयुक्त प्रयोग पॅरिसमधील झेरार स्लामा व त्यांच्या सहकाऱ्यांचा होय. तो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ४१ इन्शुलीनावलंबी रुग्णांना न्यूनतेच्या वेळी १५ ग्रॅ. कार्बोहायड्रेट निरनिराळ्या रूपांत दिले. ग्लुकोज अथवा साखर, वड्यांच्या किंवा पाण्यातील विद्रावाच्या रूपात दिली असता जवळजवळ सारखाच गुण आला : २० मिनिटांत रक्तशर्करा सु. ३८ मिग्रॅ. ने वाढली आणि लक्षणे सु. १५ मिनिटांत शमली. रस व जेल यांचा परिणाम त्यामानाने कमी दिसला. १९९३ मध्ये अमेरिकेत केलेल्या मोजणीत १० ग्रॅ. ग्लुकोजाने रक्तशर्करा अर्ध्या तासात ६० वरून ९७ पर्यंत, तर २० ग्रॅ. ने पाऊण तासात ५८ वरून १२२ मिग्रॅ. पर्यंत चढली, सु. एका तासाने मात्र ती पुन्हा उतरू लागली.

या आकड्यांतून ‘पंधराचा नियम’ म्हणून ओळखला जाणारा उपचार स्थिर झाला. १५ ग्रॅ. ग्लुकोज किंवा साखर घ्यावी, १५ मिनिटे थांबावे, रक्त पुन्हा तपासावे आणि शर्करा ७० च्या खालीच असल्यास तेवढीच मात्रा पुन्हा घ्यावी. चहाचे साधारणतः तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घेतल्याने हे प्रमाण साधते. मुलांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे ०·३ ग्रॅ. हे प्रमाण न्यूझीलंडमधील अभ्यासावरून सुचविण्यात आले व ते मान्य झाले. नियमाचा पहिला भाग रुग्ण सहज पाळतात. दुसरा भाग, म्हणजे न खाता थांबणे, हाच खरा कठीण भाग आहे. म्हणून साखरेची मात्रा आधीच मोजून पुडीत बांधून ठेवणे, ती घेतल्यावर स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसणे आणि घड्याळ समोर ठेवणे, असे साधे उपाय सुचविले जातात. जेवणास अवकाश असेल तर शर्करा सावरल्यावर थोडे पिष्टमय अन्न घेता येते. जेवण जवळ असेल तर त्याची गरज नसते.

आपल्याकडे अशा वेळी पेढा, बर्फी, लाडू किंवा चॉकलेट पुढे करण्याची रीत आहे. या पदार्थांतील स्निग्धांशामुळे जठर रिकामे होण्यास उशीर लागतो. परिणामी आवश्यक तेव्हा साखर पोचत नाही आणि नंतर मात्र पदार्थातील सर्व ऊर्जा पदरी पडते. प्रथिनांनी न्यूनता पुन्हा येण्यास प्रतिबंध होतो, ही समजूतही पुष्कळ वर्षे होती. १९९६ मध्ये अमेरिकेत पाव आणि पाव व मांस यांची तुलना करण्यात आली. तीत प्रथिने वाढविल्याचा कोणताही लाभ दिसला नाही. आणखी एक अपवाद ध्यानी ठेवावा लागतो : ॲकार्बोज या वर्गातील औषधे घेणाऱ्यांच्या आतड्यात साखरेचे विघटन रोखले जाते, म्हणून त्यांना साधी साखर उपयोगी पडत नाही, ग्लुकोजच द्यावे लागते.

मात्र हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. फ्रान्समधील माँपेल्ये येथे १९४२ मध्ये आंत्रज्वरावर एका नव्या सल्फा औषधाची चाचणी घेत असता मार्सेल झांबाँ यांना रुग्णांची रक्तशर्करा धोकादायक रीत्या उतरत असल्याचे आढळले. काही रुग्ण दगावलेही. ऑग्यूस्त लुबातिएर (१९१२–७७) यांनी त्याची मीमांसा केली आणि त्यातूनच मधुमेहावरील सल्फॉनिलयुरिया गोळ्यांचा वर्ग निर्माण झाला. स्वस्त असल्याने भारतात या गोळ्यांचा वापर मोठा आहे. ग्लायबेनक्लामाइडासारख्या दीर्घकाल टिकणाऱ्या गोळीने, विशेषतः वृद्ध व मूत्रपिंडविकार असलेल्या व्यक्तींत, आलेली न्यूनता साखरेने सावरूनही काही तासांनी परत येते. अशा रुग्णावर रुग्णालयात एक दिवस किंवा अधिक काळ लक्ष ठेवावे लागते. शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या तोंडात साखर वा पाणी मुळीच घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला शिरेतून ग्लुकोज किंवा ग्लुकागॉन हे हॉर्मोन द्यावे लागते. ग्लुकागॉनाला हे नाव १९२३ मध्येच मिळाले होते, त्याची संरचना १९५७ मध्ये उलगडली आणि १९६० पासून ते अमेरिकेत औषध म्हणून मिळू लागले. नाकावाटे देण्याचे ग्लुकागॉन तेथे २०१९ मध्ये मान्य झाले.

भारतातील एक विशेष धोका मापनातूनच उद्भवतो. येथे इन्शुलिनाच्या कुप्या पुष्कळदा दर मिलि. ला ४० एककांच्या असतात, तर काही कुप्या व सर्व साधारण पेन १०० एककांची असतात. दोन्हींच्या सिरिंजा निराळ्या. १०० एककांचे इन्शुलीन ४० च्या सिरिंजेने तेवढ्याच रेषेपर्यंत भरल्यास अडीचपट मात्रा जाते. उपवासाचा प्रश्नही असाच आहे. एकादशी किंवा चतुर्थीला न खाता नेहमीची गोळी अथवा इन्शुलीन घेतल्यास दिवसा न्यूनता येते. ती टाळण्यासाठी वा नंतर भरून काढण्यासाठी साबुदाण्याची खिचडी व बटाटा भरपूर खाल्ल्यास शर्करा एकदम चढते. रमजानच्या उपवासाबाबत १३ देशांत २००१ मध्ये झालेल्या पाहणीत त्या महिन्यात तीव्र न्यूनतेचे प्रमाण इन्शुलीनावलंबी रुग्णांत ४·७ पटींनी व इतर मधुमेह्यांत ७·५ पटींनी वाढल्याचे दिसले. शर्करा ७० च्या खाली गेल्यास रोजा तत्काळ सोडावा, अशी शिफारस त्यानंतरच्या मार्गदर्शनात आहे.

खोट्या व मूक सूचना : भुकेची जाणीव हे विश्वसनीय मापक नाही, हे १९८० नंतरच्या संशोधनाने अधिक स्पष्ट झाले. १९८८ मध्ये असे आढळले की, दीर्घकाळ शर्करा चढलेली असणाऱ्या मधुमेह्यांना न्यूनतेची लक्षणे सु. ७८ मिग्रॅ. लाच, तर निरोगी व्यक्तींना सु. ५३ मिग्रॅ. ला जाणवतात. म्हणजे उपचाराने शर्करा प्रकृत पातळीकडे येऊ लागली की अशा रुग्णाला ती ‘कमी’ वाटते आणि तो खातो. त्याने प्रथम तपासणी करावी व शर्करा ७० च्या वर असल्यास काही दिवस ती अस्वस्थता सोसावी. शरीराला नव्या पातळीची सवय होते. याच्या उलट टोकाला वारंवार न्यूनता येणारे रुग्ण असतात. १९७३ मध्ये जॉन गेरिच व सहकाऱ्यांनी इन्शुलीनावलंबी मधुमेहात न्यूनतेला ग्लुकागॉनाचा प्रतिसादच मिळत नाही, हे दाखविले होते. १९९१ नंतर फिलिप क्रायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सिद्ध केले की, न्यूनतेचा एक प्रसंगही दुसऱ्या दिवशीच्या प्रसंगातील ॲड्रेनॅलीन व लक्षणे मंदावितो. अशा रुग्णाला भूक लागत नाही, घाम येत नाही. तो एकदम भ्रमित होतो. काही आठवडे न्यूनता कटाक्षाने टाळल्यास हरपलेल्या सूचना बऱ्याच अंशी परत येतात.

अमेरिका व कॅनडा येथे १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या मोठ्या चाचणीने हा प्रश्न निकडीचा केला. काटेकोर नियंत्रणाने नेत्र, मूत्रपिंड व तंत्रिका यांची हानी पुष्कळ टळते, हे तीत निर्विवाद सिद्ध झाले. त्याच वेळी तीव्र न्यूनतेचे प्रमाण सु. तिप्पट झाले आणि काटेकोर उपचार घेणाऱ्यांचे वजनही अधिक वाढले. या वजनवाढीचे कारण मुख्यतः मूत्रावाटे वाया जाणारी ऊर्जा वाचणे हे असले, तरी न्यूनतेपोटी खाल्लेल्या जादा अन्नाचाही त्यात वाटा असणार. न्यूनतेच्या भीतीने शर्करा मुद्दाम चढी ठेवणारे रुग्ण प्रत्येक वैद्याला भेटतात. ज्याला उपचाराची मात्रा व थांबण्याचा अवधी ठाऊक आहे, त्याची ही भीती पुष्कळ कमी होते. वारंवार न्यूनता येणाऱ्याने मात्र साखर खात राहण्यापेक्षा औषधाची मात्रा, जेवणाची वेळ व व्यायाम यांचा मेळ वैद्याकडून तपासून घेणे इष्ट. औषध कमी करणे हाच तेथे उपचार असतो.

१९९९ पासून त्वचेखालील द्रवातील ग्लुकोज सतत मोजणारी उपकरणे वापरात येऊ लागली. त्यांतील आकडा व बाण यांमुळे न्यूनता येण्यापूर्वीच तिची चाहूल लागते. परंतु त्वचेखालील द्रवातील बदल रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. साखर घेतल्यावर रक्तशर्करा सावरलेली असतानाही पडद्यावर आकडा खालीच दिसत राहतो आणि रुग्ण पुन्हा खातो. घाम व धडधड यांनी पूर्वी जी फसगत केली, तीच आता पडदा करतो. म्हणून उपचारानंतरची खात्री बोटातील रक्ताच्या थेंबाने करावी, असा सल्ला देण्यात येतो. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या व त्यानंतर सुधारत गेलेल्या स्वयंचलित इन्शुलीन-पंपांत शर्करा उतरू लागताच इन्शुलिनाचा पुरवठा आपोआप घटतो किंवा थांबतो. न्यूनता लक्षात येईपर्यंत पंपाने अर्धे काम केलेले असल्याने या रुग्णांना १५ ग्रॅ. हीही मात्रा जास्त होते. त्यांना बहुधा ५ ते १० ग्रॅ. ग्लुकोज, म्हणजे एक-दोन चमचे साखर, पुरते.